सीव्ही पाठवायच्या आधीच रेफरन्स मागतात, द्यायचे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीत राहणारे एक जण सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काँट्रॅक्टवर आहेत, महापेला एका बँकेचा प्रोजेक्ट आहे, काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय. माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीतून फोन आला की ठाण्यात घोडबंदर रोडला अर्जंट रिक्वायरमेंट आहे, म्हणजे तातडीने भरायची जागा, रेटही चांगला आहे, फक्त प्रोफाईल क्लायंटला पाठवायच्या आधी दोन रेफरन्स लागतील, म्हणजे तुमच्या कामाबद्दल सांगू शकतील अशी दोन माणसं, त्यांचं नाव, हुद्दा, मोबाईल आणि ऑफिसचा मेल आयडी. यांनी सध्याच्या रिपोर्टिंग मॅनेजरचा आणि आधीच्या प्रोजेक्टवरच्या एका मॅडमचा नंबर दिला. त्यानंतर रिक्वायरमेंटचं काही पुढे झालं नाही, एजंट फोन उचलत नाही, आणि चार दिवसांनी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तुमचं नाव सांगून कुणीतरी मला माणसं पुरवतो म्हणून फोन करतोय, तुम्ही सोडून चाललाय का?" यांनी "मला माहीत नाही" म्हणून वेळ मारून नेली. आता विचारतायत की माझं चुकलं का, मॅनेजरला काय सांगू, आणि पुढच्या वेळी रेफरन्स द्यायचे की नाही.

चुकलं एवढंच की त्या दोघांना आधी विचारलं नाहीत. बाकी तुम्ही गरजेपोटी दिलेत हे मला कळतं. काँट्रॅक्ट संपायला चार आठवडे, घराचा हप्ता चालू, आणि फोनवरचा माणूस म्हणतोय आज सहाच्या आत प्रोफाईल गेली नाही तर पोझिशन बंद होईल, अशा वेळी माणूस देऊन मोकळा होतो. मीही दिलेत, ते पुढे सांगते.

द्यायचे की नाही हा प्रश्न मात्र जरा बाजूला ठेवा, कारण त्याआधीचा प्रश्न मोठा आहे. तो जे मागत होता ते तुमच्या कामाची खात्री करायला मागत होता, की त्याला तुमच्या मॅनेजरपर्यंत पोचायचं होतं? दोन्हीला शब्द एकच, रेफरन्स, म्हणून आपली गफलत होते. पहिल्या प्रकारात तुम्ही उमेदवार असता. दुसऱ्या प्रकारात तुम्ही फक्त रस्ता असता, तुमच्यावरून चालत जाऊन तो दुसऱ्याच्या दारात पोचतो आणि दार वाजवताना तुमचं नाव घेतो.

मी हे एवढ्या खात्रीने का बोलते ते सांगते. मी सॅप या कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर २००३ पासून काम करते, त्यातली बरीच वर्षं काँट्रॅक्टवर, आणि मध्ये २०१३ ते २०१५ अशी दोन वर्षं वाशीतल्या एका स्टाफिंग एजन्सीत बसले होते. तिथे माझं काम टेक्निकल स्क्रीनिंगचं, म्हणजे रिक्रूटरने आणलेल्या कँडिडेटशी अर्धा तास बोलायचं आणि त्याला खरंच काम येतं का ते बघायचं. रोज सकाळी साडेनऊला सगळे एका टेबलाभोवती उभे राहायचे आणि टीम लीडर एक्सेलची शीट स्क्रीनवर लावायचा. कँडिडेटचं नाव, स्किल, रेट, नोटीस पिरियड हे कॉलम होतेच, आणि अगदी उजवीकडे पिवळ्या रंगाचे तीन कॉलम होते, रेफ नेम, रेफ मोबाईल, रेफ कंपनी. शीट उघडली की पहिली नजर तिकडे. कुणाचे पिवळे रकाने रिकामे दिसले की सगळ्यांसमोर विचारणा व्हायची, काल सोळा जणांशी बोललीस आणि मॅनेजर एकच मिळाला? दुपारी ते तीन कॉलम कॉपी होऊन वेगळ्या शीटमध्ये जायचे आणि ती शीट सेल्सवाल्यांची होती. माझ्याकडे, म्हणजे जिने कँडिडेट तपासायचा तिच्याकडे, ते रेफरन्स दोन वर्षांत एकदाही आले नाहीत. मी एकदा मागितले तर लीडर म्हणाला, तुम्हाला कशाला हवेत ते?

तेव्हा मला कळलं की हे काय चाललंय. आणि कित्येकदा मागे रिक्वायरमेंट नसायचीच. सहा महिन्यांपूर्वीचा बंद झालेला जेडी, म्हणजे जागेचं वर्णन, असायचा, तो नोकरी डॉट कॉमवर पुन्हा टाकायचा, दोन दिवसांत शंभरेक सीव्ही यायचे आणि प्रत्येकाला तोच फोन, "प्रोफाईल एकदम मॅच होतेय, फक्त दोन रेफरन्स द्या". त्या शंभरातून पंचवीस-तीस मॅनेजरचे नंबर निघायचे. नोकरी कुणालाच लागायची नाही कारण नोकरी नव्हतीच.

फोन करणारी मुलं बावीस-तेवीसची, कल्याण-डोंबिवलीहून नाहीतर पनवेलकडून येणारी, पगार बेताचा आणि इन्सेंटिव्ह त्या पिवळ्या रकान्यांवर. त्यांच्यावर ओरडू नका, हे मी मनापासून सांगते. बऱ्याच जणींना स्वतःला माहीत नसायचं की ते नंबर पुढे कुठे जातात, त्यांना सांगितलेलं असायचं की ही प्रोसेस आहे.

यामागचा पैशाचा हिशोब कळला की सगळं नीट दिसतं. परमनंट माणूस लावून दिला तर एजन्सीला आपल्याकडे साधारण ८.३३ टक्के मिळतात, म्हणजे वर्षाच्या सीटीसीचा, एकूण पगाराचा, बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार धरा. २४ लाखांच्या माणसामागे २ लाख, तेही एकदाच. काँट्रॅक्टमध्ये समजा क्लायंटकडून महिन्याला १,८०,००० घेतात आणि तुमच्या हातात १,५०,००० देतात, तर ३०,००० दर महिन्याला, तुम्ही तिथे आहात तोवर. आता हा सगळा व्यवहार चालू कुणामुळे होतो, तर ज्याच्या हातात जागा आहेत त्याच्यामुळे. तुम्ही एक माणूस आहात, एकदाच लागणार. तुमच्या मॅनेजरच्या हाताखाली बारा जण असतील तर त्यातले दोन-तीन वर्षाला बदलणार, आणि तो पुढे दुसऱ्या बँकेत गेला की तिथेही माणसं घेणार. एजन्सीच्या दृष्टीने तुमच्या सीव्हीपेक्षा त्याचा मोबाईल नंबर कितीतरी मोलाचा आहे, आणि तो त्यांना बाजारात सहज मिळत नाही, कारण बँकेचा मॅनेजर अनोळखी नंबर उचलत नाही. "अमुकतमुकने तुमचं नाव दिलं" म्हटलं की मात्र तो दोन मिनिटं ऐकून घेतो. ती दोन मिनिटं तुमच्या नावावर मिळालेली असतात.

खरंतर मोठ्या बँकेत त्याचा फारसा उपयोगही होत नाही. तिथे व्हेंडर, म्हणजे माणसं पुरवणारी एजन्सी, एम्पॅनल झालेला, बँकेच्या मंजूर यादीत असावा लागतो, प्रोक्युअरमेंटमधून, म्हणजे खरेदी विभागातून जावं लागतं, मॅनेजरच्या मनात आलं म्हणून उद्या कुणालाही माणूस आणता येत नाही. तरी फोन करतात, कारण फोनला खर्च येत नाही.

मग ओळखायचं कसं? माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे वेळ. काँट्रॅक्टची नेहमीची गाडी कशी जाते बघा. आधी जेडी मेलवर येतो. मग रेट आणि नोटीसचं बोलणं होतं. मग अमुक क्लायंटकडे तुमची प्रोफाईल आमच्यामार्फत जायला तुमची हरकत नाही असं तुमच्याकडून मेलवर घेतात, त्याला राइट टू रिप्रेझेंट म्हणतात, आणि त्यात क्लायंटचं नाव असतं. मग सीव्ही जातो, टेक्निकल राउंड, क्लायंट राउंड, ऑफर, आणि ऑफरच्या आगेमागे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे आधीच्या नोकऱ्यांची तपासणी. रेफरन्स या शेवटच्या डब्यातला आहे. ज्याचा अजून इंटरव्ह्यूच झाला नाही, जो कदाचित पहिल्याच राउंडला बाद होणार आहे, त्याच्याबद्दल कुठलाही क्लायंट आधीच दोन मॅनेजरना फोन करत बसत नाही, त्याच्या लोकांना तेवढा वेळच नसतो.

दुसरी खूण कागदाची. खरं व्हेरिफिकेशन होतं तेव्हा तुमच्याकडून ऑथरायझेशन लेटरवर सही घेतात, एक फॉर्म येतो किंवा पोर्टलची लिंक येते, त्यात आधीच्या कंपन्या, तारखा, एम्प्लॉयी कोड, एचआरचा मेल आयडी हे सगळं भरायला असतं. त्यातही बहुतेक वेळा एचआरचा संपर्क मागतात, कारण पुष्कळ कंपन्यांमध्ये मॅनेजरला परस्पर रेफरन्स द्यायला परवानगीच नसते, एचआर फक्त तारखा आणि हुद्दा कन्फर्म करतं. सही नाही, फॉर्म नाही, क्लायंटचं नाव नाही, आणि फोनवर तोंडी मॅनेजरचा पर्सनल मोबाईल मागतायत, तर ते व्हेरिफिकेशन नाही.

तिसरी खूण मला फार उशिरा कळली आणि ती कळायला माझंच नुकसान व्हावं लागलं. २००९ मध्ये तुर्भेला माझं काँट्रॅक्ट संपत होतं, मंदी होती, नवीन काही मिळत नव्हतं, आणि एका एजंटला मी माझ्या पहिल्या बॉसचा नंबर दिला. सरांनी मला शून्यापासून शिकवलं होतं, पाचपाखाडीत राहायचे, आमचं घर नौपाड्यात, घरोबा होता. ते काम मला मिळालं नाही, मी विसरूनही गेले. त्या दिवाळीला पहाटेच्या कार्यक्रमाला तलावपाळीला गर्दीत सर भेटले. नमस्कार केला, ते नीट बोलले, पण निघताना म्हणाले, "एक सांगू का, तू माझा नंबर कुणाला दिला होतास? मला चौदा फोन आले गं. एकानेही तू काम कसं करतेस ते विचारलं नाही."

सर रागावले नव्हते, आणि ते मला जास्त लागलं. मी घरी येऊन तो एजंटचा नंबर लावला तर बंद. नंतर कळलं की तो माणूस त्या एजन्सीतून निघून गेला होता आणि त्याची शीट घेऊन गेला होता, म्हणून दोन ठिकाणांहून फोन येत होते. पुढची सहा-सात वर्षं मी सरांचं नाव कुठेही दिलं नाही, खरी गरज होती तेव्हाही नाही, माझा धीरच झाला नाही.

तर तिसरी खूण ही: खरा रेफरन्सवाला तुमच्याबद्दल विचारतो. हाताखाली किती दिवस होती, डेडलाईन पाळायची का, टीममध्ये कशी होती, पुन्हा घ्याल का. गळ टाकणारा विचारतो तुमच्याकडे सध्या जागा आहेत का, कुठल्या व्हेंडरकडून माणसं घेता, रेट काय जातो. तुम्ही आज त्या मॅडमना फोन करून विचारा की त्यांना फोन आला का आणि काय विचारलं. दोन मिनिटांत तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि रेफरन्स हा एकच गळ नाही, हे सांगायलाच हवं, कारण रेफरन्स नाही म्हणायला शिकलेले लोकही बाकीच्या ठिकाणी अलगद सांगून टाकतात. सगळ्यात नेहमीचा म्हणजे "तुमचे सध्या कुठे कुठे इंटरव्ह्यू चालू आहेत? डबल सबमिशन होऊ नये म्हणून विचारतोय". ऐकायला किती रास्त वाटतं. डबल सबमिशन हा खरा प्रॉब्लेम आहेच, एकाच क्लायंटकडे दोन व्हेंडरकडून तुमचा सीव्ही गेला तर क्लायंट दोन्ही बाद करू शकतो. पण त्यासाठी त्याने क्लायंटचं नाव सांगायचं आणि तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं, एवढं पुरतं. तुम्ही तीन कंपन्यांची नावं सांगितलीत तर त्याला तीन ठिकाणी जागा चालू आहेत हे कळलं, संध्याकाळपर्यंत तो तिथे स्वतःची माणसं पाठवणार, आणि तुम्हीच तुमच्या समोर चार उमेदवार उभे केलेत. असाच दुसरा, "तुम्ही सोडल्यावर तुमच्या जागी कोण येणार, ठरलं का?" म्हणजे जागा मोकळी होतेय आणि कधी होतेय ते कळलं. आणि तिसरा अगदी गोड आवाजात, "अरे तुम्ही महापेला त्या बँकेत का, तिथे माझ्या ओळखीचे एक आहेत, तुमचे मॅनेजर कोण?" त्याच्या ओळखीचं कुणी नसतं. तुम्ही नाव सांगितलंत की लिंक्डइनवर बाकीचं तो शोधतो.

आता हे सगळीकडे सारखंच लागू होत नाही, तेही बोलते. तुमचं पहिलंच काँट्रॅक्ट असेल, दोन-तीन वर्षांचा अनुभव असेल, तर तुमच्या हातात फार काही नसतं, ताणून धरलं तर एजंट पुढच्याला फोन लावतो, हे खरं आहे. दहा-बारा वर्षांचा अनुभव आणि हातात चालू स्किल असेल तर तो थांबतो. काही ठिकाणी, विशेषतः परदेशी बँकांच्या इथल्या सेंटरमध्ये, क्लायंटच्याच पोर्टलवर रेफरन्सची जागा असते आणि ती भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, तिथे एजंट खोटं बोलत नसतो. काही छोट्या एजन्सी, एकट्या माणसाने चालवलेल्या, खरोखर मनापासून माणूस तपासतात, कारण एक चुकीचा गेला तर त्यांचा क्लायंट जातो. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एक बाई आहेत, त्यांच्याकडून मी तीन कामं केली, त्या रेफरन्स घेतात आणि स्वतः फोन करून वीस मिनिटं बोलतात, पण ऑफर आल्यावर, आणि आधी मला विचारून की फोन कधी करू. म्हणून सगळे चोर असं मी म्हणत नाही. कधी मागतोय, कशासाठी मागतोय आणि तुमच्या माणसाला विचारायला वेळ देतोय का, एवढं बघा.

फोनवर बोलायचं कसं, हे सगळ्यात अवघड जातं आपल्याला, कारण नाही म्हणायची सवय नाही आणि काम हवं असतं. मी हे वाक्य वापरते आणि इतक्या वर्षांत त्याने माझं एकही खरं काम गेलेलं नाही: "रेफरन्स माझ्याकडे दोन आहेत, चांगले आहेत, क्लायंटचा इंटरव्ह्यू झाला आणि त्यांनी हो म्हटलं की त्याच दिवशी त्यांना विचारून तुम्हाला देते." यात नकार नाही हे बघा. तुम्ही देणार आहात, फक्त वेळ तुम्ही ठरवताय. ज्याच्याकडे खरी रिक्वायरमेंट आहे त्याला उमेदवार लावायचा असतो, तो कुरकुरतो आणि पुढे जातो. ज्याला फक्त नंबर हवा होता त्याचा आवाज लगेच बदलतो, "मॅडम मग प्रोफाईल पुढे नाही जाणार", आणि फोन ठेवतो. ठेवू दे. तिथे तुमचं काही गेलेलं नाही.

तो म्हणाला क्लायंटची पॉलिसी आहे, तर म्हणायचं, चालेल, क्लायंटचं नाव आणि जेडी मेल करा, आणि तो नियम त्यांच्या मेलमध्ये असेल तर तो फॉरवर्ड करा. म्हणाला सिस्टीम पुढे जात नाही, तर म्हणायचं की आधीच्या कंपनीच्या एचआरचा व्हेरिफिकेशनचा मेल आयडी भरा, तो सगळ्यांसाठीच असतो. ही तडजोड मी नव्या मुलांना नेहमी सुचवते. एचआरच्या त्या आयडीवर सेल्सचा मेल गेला तरी कुणाचं काही बिघडत नाही, आणि खरी तपासणी असेल तर तिथूनच होते.

तुमचं काम दाखवायला माणसाचा नंबर लागतोच असंही नाही. रिलीव्हिंग लेटर, काँट्रॅक्ट कंप्लीशनचं लेटर, थर्ड पार्टी पेरोलवर असाल तर यूएएनवरची, म्हणजे पीएफच्या नंबरवरची सर्व्हिस हिस्ट्री, इन्व्हॉइसवर असाल तर टीडीएस कापल्याचा फॉर्म २६एएस, रकमा आणि पॅन झाकून. यातनं कुठे किती दिवस होतात ते पक्कं कळतं. कामाच्या दर्जाबद्दल हवं असेल तर लिंक्डइनवरची रेकमेंडेशन दाखवा, ती आधीच जगजाहीर आहेत. प्रोजेक्ट संपताना, अजून सगळे चांगल्या मूडमध्ये असताना, मॅनेजरकडून चार ओळींचं पत्र मागून ठेवा. सहा महिन्यांनी मागितलं की त्यांनाही आठवत नाही आणि आपल्यालाही संकोच वाटतो.

मी २००७-०८ मध्ये वर्षभर इंग्लंडला होते, रेडिंगला, तिथेही काँट्रॅक्टर लोक याच गोष्टीने वैतागलेले बघितले, तिथले एजंट म्हणायचे की रेफरन्स घेणं आम्हाला कायद्याने लागतं. तिथे एजन्सींच्या वागणुकीचे २००३ चे नियम आहेत. पण त्यात दोन रेफरन्सची जी सक्ती आहे ती लहान मुलं, आजारी, म्हातारी माणसं यांच्यासोबतच्या कामाला, आणि ज्या कामाला कायद्यानेच ठरावीक क्वालिफिकेशन लागतं त्याला. बँकेत सॅप करणाऱ्याला ती नाही. माझ्यासोबतच्या एका सीनियरने मला हे दाखवलं होतं आणि तेव्हा मी हसण्यावारी नेलं, नाहीतर २००९ मध्ये सरांना त्रास झाला नसता. आपल्याकडे आयटीच्या काँट्रॅक्टला सीव्ही पाठवण्याआधी रेफरन्स घ्यायलाच हवा असं मला माझ्या इतक्या वर्षांत कुठल्याही कायद्यात कुणी दाखवलेलं नाही. कुणी तसं म्हणालं तर कुठला कायदा, कुठलं कलम, एवढं विचारा.

आपल्याकडचा कायदा उलट दुसऱ्या बाजूने लागतो. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्यातला आपल्या कामाचा मुद्दा साधा आहे: माणसाची माहिती ज्या कारणासाठी त्याची संमती घेऊन घेतली त्याच कारणासाठी वापरायची, संमती मागे घेता येते आणि माहिती पुसायला सांगता येते. तुमच्या मॅनेजरचा नंबर ही त्याची माहिती आहे. त्याच्या वतीने तुम्ही संमती देऊ शकत नाही, आणि "कँडिडेटने दिला" हे त्या एजंटला सेल्सच्या फोनसाठी पुरेसं कारण नाही.

आणि एक गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत, तुमचं स्वतःचं ॲग्रीमेंट. सध्याच्या व्हेंडरसोबत जे सही केलंय त्यात कॉन्फिडेन्शियॅलिटीचं कलम असणार, बऱ्याचदा क्लायंटच्या लोकांची नावं आणि संपर्क त्यात येतात. दुसऱ्या एजन्सीला क्लायंटच्या मॅनेजरचा ऑफिसचा मेल आयडी देणं म्हणजे तुमच्या व्हेंडरच्या दृष्टीने त्याचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या हातात देणं. तुमचं शेवटच्या महिन्याचं पेमेंट त्यांच्याकडे अजून अडकलेलं असेल. आज घरी गेल्यावर ते कलम नीट वाचा. मी वकील नाही, शंका वाटली तर वकिलाला दाखवा, पण न वाचता राहू नका.

आता तुमच्या मॅनेजरचं. त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही "मला माहीत नाही" म्हणून वेळ मारून नेली असं तुम्ही लिहिलंय. ते सोमवारीच दुरुस्त करा, कारण त्या एजंटचा दुसरा फोन येणार आणि त्यात तो तुमचं नाव पुन्हा घेणार. समोर जाऊन बोला, व्हॉट्सॲपवर नको. सांगा की काँट्रॅक्ट संपतंय म्हणून मी पुढचं काम बघतोय, एका एजंटने रेफरन्स मागितला, मी तुम्हाला न विचारता तुमचा नंबर दिला, माझं चुकलं, त्याने तो भलत्याच कामाला वापरला. काँट्रॅक्ट संपणारा माणूस पुढचं काम शोधतो हे त्यांना कळतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्यांना जे खटकलं असेल ते न विचारता नंबर देणं आणि मग नाही म्हणणं. तुम्ही एजंटला नंबर काढून टाकायला सांगणार आहात हे सांगा, आणि तरी फोन आले तर १९०९ वर नको असलेल्या कमर्शियल कॉलची तक्रार करता येते हेही सांगा. मॅडमनाही तसाच फोन करा, त्यांना कॉल आला नसला तरी. त्यांनी दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा तुमच्याकडून ऐकलेलं बरं.

एजंटला फोन करत बसू नका, तो उचलणार नाही. मेल लिहा, त्याला आणि त्याच्या एजन्सीच्या मुख्य आयडीला दोघांना. चार ओळी पुरे: अमुक तारखेला अमुक रिक्वायरमेंटसाठी मी दोन व्यक्तींचे संपर्क दिले होते, ते फक्त माझ्या रेफरन्स चेकसाठी होते, त्यांचा वापर व्यवसायाच्या फोनसाठी झाला आहे, मी माझी परवानगी मागे घेतो, दोघांची आणि माझी माहिती तुमच्या रेकॉर्डमधून काढून तसं मेलवर कळवा, माझी प्रोफाईल यापुढे कुठेही पाठवू नका. शिव्या नकोत, धमकी नको. मुख्य आयडीवर गेलेला मेल त्यांच्या मालकापर्यंत जातो आणि अशा वेळी आमच्याकडे तरी ते नाव शीटमधून काढायचे, कारण एखाद्या क्लायंटपर्यंत ते गेलं तर एम्पॅनलमेंट जाईल याची मालकाला भीती असायची. त्यांनी उत्तर दिलं नाही तरी तुमच्याकडे तारखेसकट लेखी काहीतरी राहतं, ते मॅनेजरला दाखवता येतं. प्रोफाईल पाठवू नका हे वाक्य गाळू नका, नाहीतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः एखाद्या चांगल्या क्लायंटकडे जाल आणि कळेल की याने तुमचा सीव्ही तिथे आधीच टाकून ठेवलाय.

सरांचं काय झालं असं कुणी विचारेल म्हणून सांगते. २०१६ मध्ये मी त्यांच्या घरी गेले, एका कामाला खरंच रेफरन्स हवा होता, हातात ऑफर होती. क्लायंटचं नाव, फोन करणाऱ्या बाईंचं नाव आणि त्या किती वाजता करतील ते एका कागदावर लिहून नेलं होतं. सरांनी कागद वाचला, फ्रीजवर मॅग्नेटखाली लावला आणि म्हणाले, गुरुवारी चार वाजता मी घरीच आहे. तेव्हापासून मी रेफरन्स असाच देते, आधी त्या माणसाला कागद, मग एजंटला नंबर.